काचेला बोट लावायचं नाही

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

घाबरू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण मी तुमच्याशी फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधुराज हातातलं काम टाकून शेजारी येऊन उभे राहतात आणि "दे, दे, मला दे" सुरू करतात. आणि आजचा विषय त्यांचाच आहे.

दुकानातल्या जुन्या लॅपटॉपने अखेर मान टाकली. नवा घ्यायचा, इथपर्यंत आमचं एकमत. पुढे मात्र दोन तट पडलेत. मला पडद्याला बोट लावून चालणारा, टचस्क्रीनवाला हवाय. ह्यांचं म्हणणं, "काचेला बोट लावायचं नाही." बस्स. पुढे बोलणंच नाही.

तुमचा भाऊ तुम्हाला काय सांगायचा! चष्मेवाल्याच्या डोळ्यांत काचेवरचा डाग खुपणारच, मान्य. पण त्याला काही सुमार? आमची पहिली भेट झाली तेव्हा मी गिऱ्हाईक होते, आणि ह्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "दांडीला धरून काढा हो, दांडीला!" मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. दुकानात आरशावर पाटी, कपाटावर पाटी, दारावर पाटी. घरी पाटी नाही, कारण घरी हे स्वतः असतात. लेक लहानपणी खिडकीला नाक टेकवून चिमण्या बघायची, तर हे कापड घेऊन तिच्या मागे तयार.

काल लॅपटॉपच्या दुकानात गेलो होतो. तिथली मुलगी बिचारी उत्साहाने पडद्यावर बोट फिरवून दाखवत होती आणि हे तिच्या बोटामागून कापड फिरवत होते. ती म्हणाली, "काका, राहू द्या, आम्ही संध्याकाळी पुसतो." हे म्हणाले, "संध्याकाळी? आणि तोवर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर तुमच्याकडे काम असं. मुलाने आणून दिलेला तुमचा लॅपटॉप टचवाला आहे ना? ह्यांना दोन ओळी लिहा, की त्याच्याशिवाय तुमचं पान हलत नाही. मी दुकानासाठीच मागतेय हो. गिऱ्हाईकाला फ्रेम्स दाखवायच्या, बोटाने पुढे-मागे करायच्या, इतकंच. हे तुमचं ऐकतात. माझं ऐकून घेतात, त्यात फरक आहे.

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दादाच्या वाट्याला काच आली आणि माझ्या वाट्याला कीबोर्ड. टायपिंगच्या वर्गात मी पोरींकडून वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोटून घेतली, की मनगट खाली, नजर कागदावर आणि हात कीबोर्डवरून उचलायचा नाही. आता तूच सांग, अशा बाईकडून तू पडद्याला बोट लावण्याची शिफारस मागतेस?

आहे माझ्याकडे टचवाला. मुलगा म्हणाला, "आई, बोट लाव आणि मजा बघ." लावलं. मजा बघितली. आठवड्यात खांदा भरून आला. हात हवेत धरून काच दाबत बसायचं म्हणजे बसच्या दांडीला लोंबकळत पत्र लिहिण्यासारखं आहे. पडदा असा चकचकीत, की खिडकीपाशी बसले की अक्षरांच्या जागी मीच दिसते, आणि दिवसभर स्वतःकडे बघायची हौस मला आता उरली नाही. वर तो जड, आणि चार्जिंगही लवकर उतरतं. एकदा पडद्यावर बिस्किटाचा कण दिसला म्हणून झटकला, तर वीजबिलाची अर्धवट लिहिलेली तक्रार तशीच रवाना झाली. "आपल्या कारभाराला" इथेच वाक्य तुटलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "धन्यवाद."

तेव्हा टच नसला तरी कुणाचं काही अडत नाही, हे माझं प्रामाणिक मत.

आता तू खरं बोल. फ्रेम्स दाखवण्यासाठी तू भांडणारी नाहीस. गिऱ्हाईकाला फ्रेम नाकावर घालून बघायची असते, पडद्यावर नाही, हे तूच मला एकदा ऐकवलं होतंस. आणि तुझं अक्षर का बदललंय? ओळी घसरल्यात, काने वाकडे झालेत. बोटं दुखतात ना तुझी? संधिवात ना? खालच्या त्या एवढ्याशा चौकोनावर बोट फिरवणं जमत नाही, म्हणून तुला आख्खा पडदा हवाय, आणि दादाच्या जिवाला घोर नको म्हणून हे फ्रेम्सचं निमित्त. मला बनवू नकोस. मी आयुष्यभर दुसऱ्यांची बोटंच बघितली आहेत.

तू काही बोलू नकोस. दादाला मीच लिहिते. मी खोटं लिहिणार नाही, पण तुझं काम होईल.

तुझी,
नणंदबाई

१९ फेब्रुवारी

प्रिय टकटक,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. एका घरात, एका दुकानात, समोरासमोर बसतो आम्ही, आणि मला पत्ता नाही! लोकांचे डोळे तपासून देतो मी. माझेच फुटले होते का?

आता लक्ष ठेवलंय, तर सगळं दिसतंय. मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो की ती झटकन मूठ मिटते. परवा मूठ उघडायला लावली. करंगळीच्या बाजूची हाताची कड आणि मधल्या बोटाचं पेर, दोन्ही निळंकाळं! रक्त पोचत नाही गं तिथे. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, असंच." अशी ती. मरणाचं दुखलं तरी तोंडातून ब्र काढायची नाही.

तेव्हापासून मी तिला कशाला हात लावू देत नाही. डब्यांची झाकणं मी उघडतो, दुकानाचं शटर मी उचलतो, भांडी मी घासतो. ती खेकसते, पण ते दुखण्यामुळे असणार. रोज गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावतो. त्याने फार गुण येतो. पाण्यातून काढून जरा चोळलं की निळं बरंच उतरतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मागच्या खोलीतून आली की पुन्हा पहिल्यासारखं. त्या खोलीत ओल आहे, ती बाधत असेल.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या आपल्याच गिऱ्हाईक. मला बाहेर बसवलं. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता, धीर देत असतील. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बोटांना आराम अजिबात नको. रोज तासभर तरी काहीतरी नाजूक काम करू द्या, आणि त्या वेळी त्यांच्या आसपास फिरकू नका." काय हुशार बाई आहेत!

तेव्हा टचवाला घेतोय. तत्त्व राहिलं तत्त्वाच्या जागी. तिच्या हातांना काही झालं तर मी त्या दुकानात एकटा बसून काय करू, सांग? तू मला लिहिल्याचं तिला कळू देऊ नकोस. मीही काही माहीत असल्याचं दाखवत नाही.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी

वन्सं,

काय लिहून बसलात हो तुम्ही! माझं जगणं मुश्कील झालंय. आपल्याला काही माहीत आहे हे मला दिसत नाही, असं ह्यांना वाटतं, आणि सकाळी मला दात घासायला ब्रशवर पेस्ट काढून देतात. गल्लीत बातमी फुटलीय. शेजारीण येऊन माझा हात हातात घेऊन रडून गेली. कालपासून घरात लोकरीचे हातमोजे आलेत, आणि ते घालून मी नाणी मोजावीत अशी अपेक्षा आहे.

माझी बोटं ठणठणीत आहेत. अक्षर वाकडं आलं, कारण ते पत्र मी मागच्या खोलीत, खोक्यावर बसून, गुडघ्यावर कागद धरून लिहिलं होतं. आणि हातावर जे निळं आहे ती शाई आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तो निळा झाला. मग मला त्यांना खरं सांगावंच लागलं. आता तुम्हालाही सांगते.

मी चित्रं काढते.

बरीच वर्षं काढतेय. गिऱ्हाईक जुना चष्मा काढून नवा घालायच्या मध्ये आरशात डोळे बारीक करून बघतं ना, तेव्हा माणूस जसा असतो तसा दिसतो. वकील असो की शाळेतली बाई, त्या क्षणी प्रत्येकाचा चेहरा नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलासारखा होतो. भिंगं ज्या कागदी पाकिटांत येतात, त्यांच्या पाठीवर मी ते चेहरे काढून ठेवते. मुलांच्या एका मासिकाच्या संपादकबाई चष्मा न्यायला आल्या होत्या. मी घाईत नेमकं चित्राचं पाकीट त्यांच्या पिशवीत टाकलं. चार दिवसांनी त्या परत आल्या. मला वाटलं, चष्म्याचा नंबर चुकला. त्या म्हणाल्या, "हे कुणी काढलं?"

त्यांना दर अंकात माझं एक चित्र हवंय. पहिलं मार्च संपायच्या आत द्यायचंय, आणि ते लॅपटॉपवर काढून. त्यांनीच सांगितलं, की पडदा मागे दुमडून पाटीसारखा सपाट होईल आणि त्यावर पेनने काढता येईल असा घ्या, साध्याचा उपयोग नाही. म्हणून टच, वन्सं. दुकानाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मग ह्यांना सरळ का नाही सांगत? तीच तर गोम आहे. संपादकबाईंकडे जे पाकीट गेलं, त्यावर हे होते. लांबलचक नाक, नाकाच्या टोकावर चष्मा, एका हातात कापड, आणि दुकानभर पसरलेल्या बोटांच्या ठशांमागे धावताहेत. पाठीमागे गिऱ्हाईकं तोंड दाबून हसताहेत. बाईंना दर महिन्याला हाच चष्मेवाला हवाय.

हे चिडले तर मला चालेल, त्याची सवय आहे. पण आपली बायको गल्ल्यामागे बसून इतकी वर्षं आपल्याला हसत होती, असं ह्यांच्या मनात आलं तर? हसत होतेच हो मी, पण तसं नाही. ते कसं सांगायचं, ते मला कळत नाही. आणि हे काम सोडायचंही नाही मला. आजवर जे केलं ते दुकानाचं, घराचं, लेकीचं. हे एवढं एकच माझं आहे.

आग तुम्ही लावलीत, आता पाणीही तुम्हीच आणा.

वहिनी

१ मार्च

प्रिय वहिनी,

मी खोटं लिहिलं नव्हतं, चुकीचं लिहिलं होतं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या, तेव्हा शिक्षा मला पोचली असं समज.

माझं मत मी बदलते. टाइप करणाऱ्या बाईला टच म्हणजे नुसती कटकट. चित्र काढणाऱ्या बाईला तो हवाच, आणि त्यात तडजोड करायची नाही. पेनवाला आणि पूर्ण दुमडणाराच घ्यायला लाव, नाहीतर अर्धवट दुमडणारा गळ्यात पडेल आणि तू मान वाकडी करून बसशील. आणि एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही डोक्यात कशी आली नाही? पेनने काढायचं म्हटल्यावर काचेला बोट लागतंच कुठे? दादाचं तत्त्व शाबूत, तुझं चित्र शाबूत.

पण वहिनी, लॅपटॉप घरात येण्याआधी त्याला सगळं सांग. तो भांडी घासतोय गं. त्याने जन्मात कधी भांडी घासली नव्हती. दुखण्याच्या नावावर मिळालेली वस्तू तुला सुखाने वापरता येणार नाही, मी ओळखते तुला.

आणि ते नाक मलाही बघायचंय.

तुझी,
चुकीचं लिहिणारी

१४ मार्च

प्रिय टकटक,

माझ्या हातून भयंकर काम झालंय. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

लॅपटॉप गेल्या आठवड्यात आला. पडदा मागे दुमडतो, पेनही आहे. पेन बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे काचेला बोट लावायचं कारणच नाही. तेवढ्यासाठी का एवढा वाद घातला होता आम्ही? आणि तिचे हात तर झपाट्याने सुधारलेत. लॅपटॉप आल्यापासून निळं पार गेलं! ती मात्र काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि परत मिटते. दोनदा झालं असं. मला वाटलं, आभार मानायचे असतील.

आज दुपारी ती बाजारात गेली होती. लॅपटॉप घरी टेबलावर उघडाच पडलेला. पडद्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही, मला काचेवरची धूळ दिसली. मग मी काय करणार? नवं कापड घेतलं, हलकी वाफ दिली आणि मधून कडेकडे गोल गोल पुसायला लागलो, भिंग पुसतो तसं. तर काय, पुसलं तिथे राखाडी पट्टा उमटला. मला वाटलं, कापड मळकं. दुसरं घेतलं. आणखी एक पट्टा. मी जोर लावला. जितकं पुसावं तितका पडदा घाण होत चालला! टकटक, एवढ्या वर्षांत असली काच माझ्या हाताखाली आली नव्हती. मग डोक्यात उजेड पडला, की काचेचं कोटिंग निघतंय. स्वस्त भिंगांचं निघतं तसं. आणि ते मी माझ्या हाताने सोलून काढलं होतं. आठवड्याभरापूर्वी घेतलेल्या, तिच्या औषधाच्या लॅपटॉपचं!

कोटिंग कुठवर गेलंय ते बघावं म्हणून चष्म्यांचे स्क्रू बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि पडद्यावर वाकलो. तर पट्ट्यांच्या मागे एक माणूस. पहिल्यांदा नाक दिसलं. मग चष्मा. मग हातातलं कापड. मी स्वतःच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

तो मी आहे. आणि सगळं दुकान मला हसतंय.

हे तिनेच काढलंय, त्यात शंका नाही. मागच्या खोलीतला निळेपणा आता माझ्या लक्षात आला. मी इतका का हास्यास्पद आहे? आणि तिला तसं वाटत होतं तर मला कधी बोलली का नाही? रागावावं म्हटलं, तर लॅपटॉप मी बिघडवलाय. माफी मागावी म्हटलं, तर नाक तिने काढलंय. मी झाकण लावलं आणि दुकानात येऊन बसलोय. काय करू, ते लिही.

तुझा,
दादा

१८ मार्च

दादा,

पहिली गोष्ट, पुसणं थांबव.

दुसरी, ते कोटिंग नाही, आणि हे तुला मी नाही, तीच सांगू शकेल. घरी जा आणि तिला विचार. ती तुला दुखवायच्या भीतीने गप्प आहे आणि तू दुखावल्याच्या लाजेने. एका घरात दोघं गप्प राहिलात तर मी कुणाकुणाला पत्रं लिहायची? माझीही बोटं दुखतात.

तुझी,
टकटक

२७ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र ह्यांना दुकानात मिळालं असणार, कारण त्या दिवशी हे भर दुपारी शटर ओढून घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "मी तुझ्या लॅपटॉपचं कोटिंग घालवलं."

मी म्हटलं, "कसलं कोटिंग?"

बाजारातून आले त्याच दिवशी मी चित्रावरचे राखाडी फराटे बघितले होते. मला वाटलं, मुळात आपलीच काहीतरी चूक, पेन बाजूला ठेवताना टेकलं असेल. एक बटण दाबत गेले, तसे ते एकेक करून मागे गेले आणि चित्र होतं तसं झालं. ते ह्यांनी पुसताना कापडाखालच्या बोटाने काढलेले पट्टे आहेत, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आता ह्यांना पडदा उघडून दाखवला. हे आडवे-तिरके होऊन काच बघत राहिले. मग मी पेनने मुद्दाम एक रेघ ओढली आणि बटण दाबून पुसून दाखवली. हे म्हणाले, "असं दुकानात हवं होतं."

मग म्हणाले, "हा मी आहे."

मी हो म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं. पाकिटं, शाई, मासिक, डॉक्टरीणबाई, सगळं. हे चित्रावरून नजर न हलवता ऐकत होते.

"हे सगळे मला हसताहेत."

"हो."

"आणि तू?"

वन्सं, आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "मीही हसते. रोज हसते. नाहीतर गल्ल्यामागे एका जागी इतकी वर्षं बसले असते का मी? तुम्हाला बघत बसते. मला आवडतं तुम्हाला बघायला."

हे उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. उद्या बाईंना नाही म्हणून कळवायचं, मनाशी ठरवूनही टाकलं. भांड्यांचा आवाज आला, नळाचा आवाज आला. बाहेर आले ते तोंड धुऊन, केस विंचरून. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "नाक इतकं मोठं नाहीये माझं. बघून काढ."

डोळे बारीक केलेले, चेहरा नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा. गावातल्या सगळ्यांचे चेहरे मी तसे काढले, ह्यांचा तेवढा राहिला होता. माझे डोळे भरून आले. ह्यांना चष्म्याशिवाय ते दिसलं नाही, हे बरं झालं.

नाक तेवढंच आहे हो. उलट मीच थोडं सांभाळून घेतलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. मी दुसरं चित्र काढलं आणि नाक चांगलं निम्मं केलं. ह्यांनी चष्मा घातला, ते स्क्रू बघायचं भिंग आणलं, दोन्ही चित्रं आलटून पालटून बघितली. किती वेळ बघितली! मग दुसऱ्याकडे बोट करून म्हणाले, "हा कोण? हा मी नाही. पहिलंच पाठव."

पहिल्या चित्राखाली मी माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं. मग मी चहा टाकला. हे मात्र मधूनमधून नाकाला हात लावून बघत होते.

तुमची,
वहिनी